पदरचं

गार्डेनात ओशिताच्या सलूनमध्ये
तीन खुर्च्या, एक टीव्ही,
आणि गुरुवार सकाळपासून एकच विषय.
पडद्यावर तो फोटो आला की
एक्क्याऐंशी वर्षांच्या ओशिताची कात्री हवेत थांबते :
कुरोसेच्या खांद्यामागे मिनेगिशीचा अर्धा चेहरा,
उरलेला टोपीच्या सावलीत.
सहा वर्षं हा फोटो सगळीकडे होता.
त्यात मिनेगिशी आहे, हे कुणाच्या लक्षातच नव्हतं.

"नव्वद लाख डॉलर," रूडी एस्कोबेडो म्हणतो.
तो प्लंबर. गळती त्याला कळते.
"थेंब गळला तरी रात्री आवाज येतो.
इथे आख्खा नळ सोडलेला
आणि घरमालक म्हणे झोपला होता!"

शेजारच्या दुकानातून डोनट घेऊन आलेली सोफाल म्हणते,
"गुणी होता हो. दोन डझन न्यायचा,
सुटे पैसे बरणीत टाकायचा."
मग जरा थांबून,
"कुणाचे असतील, ते सुटे पैसे?"

दाढीला आलेला एक पोरगा, कुरोसेची जर्सी उलटी घातलेली,
नाव आत, शिवण बाहेर.
तो काहीच बोलत नाही.

दुपारपर्यंत कंगव्यांच्या निळ्या बरणीशेजारी
कॉफीचा रिकामा डबा आला.
कुरोसेला माहीत होतं, पाच डॉलर.
माहीत नव्हतं, पाच डॉलर.
जुगारावर इतकं बोलून झाल्यावर
आम्ही रांगेने पाकिटं काढली
आणि कुणालाही हसू आलं नाही.
मीही लावले. कशावर, ते सांगत नाही.

माझा धंदा तोच. टॉरन्सच्या इस्पितळात
डॉक्टर आणि म्हाताऱ्यांच्या मधली खुर्ची माझी.
शपथ एका ओळीची : पदरचं काही घालणार नाही.
डॉक्टर म्हणाले सहा महिने, तर मी सहा महिने.
एकदाच, फुकामाची बाईंपुढे,
मी त्यात एक "कदाचित" घातलं.
त्या एका शब्दावर बाई अकरा महिने जगल्या.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
या सोमवारी एका पेशंटच्या मुलाने
माझ्यासमोर फोन ठेवला, रेकॉर्डिंग चालू करून.
"राग नका मानू," म्हणाला. "हल्ली काय सांगावं."
मी तेही आईला जपानीत सांगितलं. जसंच्या तसं.

लोकांना कळत नाही ते हे :
दिवसभर "मी" म्हणायचं
आणि त्यातलं एकही मी आपलं नसायचं.
मी दमलो नाही. माझा खांदा बरा आहे.
मला या शहराचं प्रेम मिळालं.
सहा वर्षं असं म्हणून झाल्यावर
एका रात्री त्याने बँकेला फोन लावला,
"मी कुरोसे बोलतोय."
जीभ अडखळली नसेल.
गुन्हा होताच. पण त्याआधी ती सवय होती.

पावणेपाचला ओशिता जपानी वाहिनी लावतो.
कुरोसे उभा, पहिल्यांदाच एकटा,
खांद्यामागे नुसती भिंत.
तो एक वाक्य बोलला आणि वाकला.
ओशिताचं जपानी त्याच्या आईबरोबर गेलं,
एस्कोबेडोला कधी नव्हतंच.
सगळ्या खुर्च्या माझ्याकडे वळल्या.
डबासुद्धा.

तो म्हणाला होता, "माहीत नव्हतं."
कुणाला, ते त्या वाक्यात नाही.
आमच्या भाषेत कर्ता घरी ठेवून येता येतं,
कुणी विचारत नाही.
त्याला माहीत नव्हतं, की आम्हाला,
की मिनेगिशीलाच, आपण कुठवर आलोय ते?
इंग्रजीत मात्र दारातच अडवतात :
आधी कोण ते सांगा, मग आत या.

उलट्या जर्सीतला पोरगा
पहिल्यांदा बोलला, "काय म्हणाला तो?"
पदरचं काही घालायचं नव्हतं.
पण पदरचं घातल्याशिवाय
वाक्य सुरूच होत नव्हतं.

मी तोंड उघडलं.
"मी," मी म्हटलं,
आणि एस्कोबेडोने डबा जवळ ओढला.